शेरा नसल्यास

फेब्रुवारीची पहिली तारीख त्या वर्षी शनिवारी आली. माझी शाळा सकाळची होती. घरी येऊन मी भात टाकला आणि चौथीच्या गणिताच्या वह्या ओट्याच्या कडेला ठेवून उभ्याउभ्याच तपासत राहिले. नाना दीडच्या सुमाराला आले. मसाटच्या बाजूला त्यांची जमीनमोजणी चालू होती. दारात वहाणा आपटून त्यांनी धूळ झाडली, हातपाय धुतले, आणि पाटावर न बसता ट्रंकेवरची फाइल उचलली.

"आज एक तारीख," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. आधी जेवून घ्या."

"कागद आधी. साहेब एकदा जेवायला बसले की कागद पडून राहतो."

"इथे साहेब कोण?"

"सही करील तो. माझ्या वर या घरात दुसरं कोण आहे?"

माझे वडील, सदाशिव केळुसकर, भूमापक होते आणि विज्ञानकथा लिहीत. पहिला संग्रह प्रकाशकांकडून परत आला तेव्हा तो त्यांनी स्वतःच छापला. पुस्तकावर प्रकाशक म्हणून आमच्या घराचा पत्ता होता, आणि बऱ्याच प्रती आमच्या खाटेखाली होत्या. आई गेल्यावर ते रत्नागिरीहून बदली मागून सिल्वासाला आले. इथे जमिनींची नवी मोजणी सुरू होत होती. मी त्यांच्याबरोबर आले आणि शाळेत लागले. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते.

इथे आल्यावर त्यांनी प्रगतिपत्रक सुरू केलं. फुलस्केप कागद, पट्टीने आखलेले तीन रकाने: लेखन, संपादन, प्रसार. त्याखाली प्रस्ताव, म्हणजे पुढच्या महिन्यात काय करायचं ते. सर्वांत खाली वरिष्ठांची सही आणि शेरा. कचेरीचा नियम त्यांनी जसाच्या तसा घरात आणला होता: वरिष्ठाने सही केली आणि शेरा लिहिला नाही, तर प्रस्ताव मंजूर.

सुरुवातीची वर्षं मी पत्रक वाचत असे, सोबतची प्रकरणंही वाचत असे आणि शेरे लिहीत असे. ‘नायक फार बोलतो.’ ‘यानातल्या माणसांनी चार प्रकरणांत एकदाही काही खाल्लेलं नाही.’ नाना त्याखाली लाल पेन्सिलीने लिहीत: ‘नोंद घेतली. पिठलं-भाताची व्यवस्था केली आहे.’ मग मी शेरे लिहिणं सोडलं, आणि काही दिवसांनी वाचणंही सोडलं. ते केव्हा आणि का, ते पुढे सांगते.

त्या शनिवारी पत्रकामागे बरेच कागद टाचलेले होते. मी वहीतल्या एका भागाकारावर फुली मारली, त्याच लाल पेनाने पत्रकावर सही केली आणि कागद परत दिला. नाना तिथेच उभे राहिले.

"वाचलंस?"

"हो."

"सगळं?"

"हो, नाना."

"शेरा काही?"

"काही नाही."

"म्हणजे कायम धरू?"

"धरा ना. सरा बाजूला, पापड करपतोय."

पापड करपलाच. तो नानांनी स्वतःच्या ताटात घेतला. संध्याकाळी आम्ही दमणगंगेपर्यंत फिरून आलो. नाताळात तीन माणसं चंद्राभोवती फेऱ्या मारून आली होती, आणि तेव्हापासून नानांना घाई झाली होती. "माणूस तिथे उतरायच्या आत माझं पुस्तक निघायला हवं," ते म्हणाले. "नंतर लोक म्हणतील, केळुसकरांनी पेपरात वाचून लिहिलं."

"तुमचं पुस्तक कुठे चंद्रावरचं आहे?"

"लोकांना तेवढा फरक कळतो होय? वर म्हणजे वर."

घरी येऊन त्यांनी दुसऱ्या दिवशीसाठी प्रुफांचं पुडकं बांधलं. मी शाळेच्या वह्या संपवल्या. त्या दिवसातलं आणखी काही आठवत नाही. आठवण्यासारखं काही घडलं नव्हतं.

कादंबरीचं नाव ‘दूरची मोजणी’. वापीला रमणिकभाईंचा छापखाना होता. पायाने दाबायचं एक यंत्र, खिळे जुळवणारे दोन जुळारी, आणि गुजराती लग्नपत्रिकांचं काम. देवनागरी अक्षरांचे शिशाचे खिळे होते, पण ते हिंदीसाठी आणलेले. त्यात ‘ळ’ होते अकरा. चार पानांचा फर्मा जुळवायचा, छापायचा, खिळे सोडायचे आणि पुढचा जुळवायचा. चार पानांत अकरापेक्षा जास्त ळ आले की जुळारी हात वर करी. रमणिकभाई आठ महिने सांगत होते, मुंबईहून मागवले आहेत.

तेव्हा नानांचं संपादन म्हणजे ळ कमी करणं होतं. ‘आभाळ’चं आकाश झालं, ‘काळोख’चा अंधार, ‘सगळे’चे सर्व. ‘डोळे’ काढून ‘नेत्र’ घातल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, तुमची माणसं संगीत नाटकात आल्यासारखी बोलतील. नाना म्हणाले, "बोलू देत. खिळे नाहीत." रोज संध्याकाळी शब्दकोश मांडीवर घेऊन ते पर्याय शोधत बसत. सर्वांत मोठी अडचण खुद्द मंगळाची होती. कादंबरी तिथेच घडत होती आणि प्रत्येक पानावर त्याचं नाव सात-आठ वेळा येत होतं. ऑगस्टच्या पत्रकात संपादनाच्या रकान्यात एकच ओळ होती, तेवढी माझ्या नजरेत भरली: ‘मंगळ परवडत नाही. दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह घेतला. त्यास क्रमांक सात.’

प्रसाराच्या रकान्यात बहुधा ‘प्रगती नाही’ असं असे. त्यांनी वाचनालयांना साठ पोस्टकार्डं पाठवली होती. सात उत्तरं आली. जळगावच्या एका ग्रंथपालाने विचारलं होतं, पृथ्वीवर विषय संपले काय? तेही नानांनी फाइलला लावलं. कचेरीत त्यांच्या टेबलाशेजारी बसणारे भास्करराव त्यांना विचारत, "काय सदाशिवराव, चंद्राचा सातबारा कधी काढताय?" नाना म्हणत, "आधी हद्दीच्या खुणा रोवू द्या."

रविवारी सकाळी नाना नेहमीच्या बसने वापीला गेले. दुपारी तीनला दारात जीप थांबली. पुढे रमणिकभाई होते. मागे नाना होते.

तेरा दिवस माणसं येत राहिली. भास्कररावांच्या पत्नी अलकाताई दोन्ही वेळचा डबा आणत आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहत. चौदाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज येऊ का?" मी नको म्हणाले. त्या दिवशी मी दोन वाट्या तांदूळ धुतले. मग त्यातले काढून ठेवावे की नाही, याचा विचार करत बराच वेळ ओल्या हाताने उभी राहिले. ओले तांदूळ परत डब्यात घालता येत नाहीत.

घरात आवाज नव्हता असं नाही. शेजारचा रेडिओ ऐकू येई, आमलीच्या रस्त्यावरून बैलगाड्या जात. माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं, एवढंच. आणि खरं सांगायचं तर नाना होते तेव्हाही गेली अडीच वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चालले होते.

छापखान्यातून पोस्टकार्ड आलं: एक सही बाकी आहे, सवडीने यावं. सोळा तारखेच्या रविवारी मी नानांच्याच बसने गेले.

रमणिकभाईंनी मला पाहून यंत्र थांबवायला सांगितलं. भिंतीलगत एक लाकडी बाक होता. मी बसायला गेले तशी ते म्हणाले, "खुरशी देतो, बेन."

"हाच का तो बाक?"

"हा. साहेब इथेच बसले होते. मी चा मांगवली. चा आली, साहेब उठलेच नाय." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मने एम के झोप लागली असंल."

मी बाकावरच बसले.

"काम शुं छे, बेन, छेल्ला फर्मा बांधून ठेवलाय. शेवटची चार पानं. माझे अकराच्या अकरा ळ त्यात अडकलेत. एक मराठी लगनपत्रिका थांबली आहे. नवरा काळे, नवरी केळकर. ळ शिवाय कसं लगन लावू?" ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "पण घाई नाय. साहेबांचं काम पहेलां."

"मग छापून टाकायचं होतं."

"सही नाय ना. साहेब दर वखते शेवटच्या प्रुफावर ‘छापण्यास हरकत नाही’ लिहून सही करत, तारीख घालत. त्या दिवशी पेन काढला, टोपण उघडलं, तेवढंच. आता तुम्ही करा. मग हुं छापूं."

त्यांनी चार पानांचं प्रूफ माझ्या मांडीवर ठेवलं. त्याला वर नानांचं फेब्रुवारीचं पत्रक टाचणीने लावलेलं होतं. कोपऱ्यात नानांनी लिहिलं होतं: ‘मंजुरीचा कागद सोबत.’

मी पेन घेतलं. सही करायला खाली वाकले आणि हात थांबला. पंधरा दिवसांपूर्वी मी अशीच वाकले होते. मी पेन बाकावर ठेवलं आणि पत्रक वाचलं.

लेखन: पूर्ण.

संपादन: शेवटचे प्रकरण सोडून पूर्ण.

प्रसार: प्रगती नाही.

प्रस्ताव: शेवटच्या प्रकरणाचे दोन शेवट लिहिले आहेत. (अ) वसुधा परत येते. (ब) वसुधा परत येत नाही. अ हा माझ्या सोयीचा आहे, म्हणून निर्णय मी घेऊ नये. दोन्ही सोबत जोडले आहेत; अ चा फर्मा तूर्त जुळवून ठेवला आहे. वरिष्ठांनी वाचून शेरा द्यावा. शेरा नसल्यास अ कायम.

खाली लाल शाईत माझी सही होती. शेऱ्याची जागा कोरी होती. तिथे नानांनी पेन्सिलीने बारीक रेघ मारून लिहिलं होतं, ‘मंजूर’.

वसुधा कोण, हेही मला माहीत नव्हतं.

"रमणिकभाई, छापलेली पानं सगळी आहेत ना? पहिल्यापासून?"

"आहेत ने. का?"

"मला वाचायचीयत."

"आखी चोपडी? इथे?"

"इथेच."

त्यांनी पानांचा गठ्ठा आणून दिला, जुळाऱ्यांना जेवायला पाठवलं, आणि ते परतले तेव्हा यंत्र लावू नका म्हणून खूण केली. मी दुपारभर वाचत होते.

वसुधा ही भूमापक आहे. सात क्रमांकाच्या ग्रहावर कोणी राहत नाही; तिथे ती एकटी साखळी टाकत जमीन मोजते आहे आणि दररोज मोजलेले आकडे पृथ्वीवर पाठवते आहे. ते आकडे घ्यायला खात्यात एक म्हातारा कारकून बसतो. तो तिचा बाप. मंगळावरून निरोप वीस-बावीस मिनिटांत येतो. सात क्रमांकावरून यायला चार वर्षं लागतात. रमणिकभाईंकडे ळ जास्त असते तर ही मुलगी इतकी दूर गेलीच नसती. ‘नेत्र’ जागोजागी खटकत होते, मधलं एक प्रकरण निव्वळ आकड्यांचं होतं. तरी मी थांबले नाही. आम्ही दोघं राहत होतो त्या घरासारखं एक घर त्यात होतं, आणि त्यात वेळेवर जेवण होत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं.

शेवट अ बांधलेल्या फर्म्याच्या प्रुफात होता. वसुधा परत येते, बाप दारात उभा असतो, ती चहा टाकते. चार पानं. नानांनी लिहिलेलं इतकं वाईट मी कधी वाचलं नव्हतं.

शेवट ब पत्रकामागे टाचलेल्या हस्तलिखितात होता. त्यात वसुधा निघण्याच्याही आधीची एक हकिकत येते. तिला नेमणुकीचं पत्र आलेलं असतं. ते ती बापाला दाखवत नाही, शब्दकोशात ठेवून देते. बापाला ते दोन वर्षांनी, वेगळाच शब्द शोधताना सापडतं. तो तारीख पाहतो, पत्र त्याच पानात होतं तसं ठेवतो, आणि मुलीला न सांगता खात्याला अर्ज करतो की हा आदेश पुन्हा काढावा. म्हणून ती गेलेली असते. ती परत येत नाही. बाप रोज संध्याकाळी तिचे चार वर्षांपूर्वीचे आकडे उतरवून घेतो. शेवटचं वाक्य असं: ‘आज तिने आणखी एक साखळी पुढे टाकली.’

आता ते सांगायला हवं. सहासष्टच्या जूनमध्ये मला बडोद्याहून पत्र आलं होतं. ग्रंथालयशास्त्राचा वर्ग, वसतिगृहात जागा, पंधरा दिवसांत कळवणे. अर्ज मी नानांना न सांगता केला होता. पत्र आलं त्या आठवड्यात नानांनी या कादंबरीचं पहिलं प्रकरण संपवलं होतं, आणि पत्रक पुढे करताना म्हणाले होते, "तू वाचतेस म्हणून लिहून होतं." मी पत्र शब्दकोशात ठेवलं. नानांनी मला अडवलं नव्हतं. त्यांना काही माहीतच नव्हतं. म्हणून त्यांच्यावर रागावायलाही जागा नव्हती. मी फक्त वाचणं बंद केलं.

"बेन?" रमणिकभाई जवळ उभे होते. "सही?"

मी प्रुफावर लिहिलं: ‘हा शेवट रद्द. सोबतचा ब घ्यावा.’ सही केली, तारीख घातली.

त्यांनी ते वाचलं, मग पत्रक पाहिलं, मग पुन्हा प्रूफ. "पण साहेब तर हा मंजूर करून लाव्या होता. तुमची सही पण आहे ने, लाल."

"मी न वाचता केली होती, रमणिकभाई."

हे मी पहिल्यांदा कुणापाशी बोलले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग हस्तलिखिताची पानं घेऊन ते बोटाने मोजू लागले.

"एकोणीस ळ छे आमां."

"मला बदलायचे नाहीत."

"बदलायचे कोण बोललं? बब्बे पानं छापूं." ते जुळाऱ्याकडे वळले आणि बांधलेला फर्मा सोडायला सांगितला. मी निघाले तेव्हा म्हणाले, "पहेलां काळे-केळकरचं लगन लावून घेतो हं, बेन. एक दिवस."

घरी पोचले तेव्हा ऊन अंगणात होतं. मी शब्दकोश काढला. तो ट्रंकेजवळच, नानांनी ठेवला तसा आडवा होता. पत्र माझ्या पानात होतं. घडीही माझीच होती. उलगडलं तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात, नाना कचेरीतल्या प्रत्येक कागदावर लिहीत तसं, पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘पाहिले. स. के. २०/८/६८.’

दुसरं काही नव्हतं. शेरा नव्हता.

मी एक फुलस्केप कागद घेतला, पट्टीने रकाने आखले. मार्चची एक तारीख यायला अवकाश होता, तरी आखले. लेखन: पूर्ण. संपादन: शेवट बदलला, ‘नेत्र’ राहून गेले, त्यास इलाज नाही. प्रसार: प्रगती नाही, राहिलेल्या त्रेपन्न वाचनालयांना पुन्हा लिहावे, त्याआधी जळगावला उत्तर द्यावे. प्रस्ताव या शब्दापुढे मी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं: बडोद्यास यंदा पुन्हा अर्ज करावा.

पत्रक घेऊन मी नानांच्या खुर्चीसमोर उभी राहिले. ती माझी जागा नव्हती. एक तारखेला मी ओट्याशी असे आणि ते उभे असत. कागद मी खुर्चीवर ठेवला. बाहेर भास्कररावांच्या घरातून अलकाताई कुणाला तरी हाक मारत होत्या. त्यांना ऐकू जाईल असं वाटून मी आधी थांबले. मग म्हटलं, जाऊ दे.

"नाना," मी मोठ्याने म्हणाले, "मला जायचं होतं."